ठेवून घेतलेला नफा गेला कुठे?



संध्याकाळची वेळ आहे. कुणी सुकट निवडत असेल, कुणी चुलीपुढे बसली असेल, कुणी नुकतीच बाजारातून टोपली घेऊन घरी आली असेल. हात चालू द्या, कान मात्र इकडे असू द्या. आज पैशांबद्दल बोलायचं आहे. आपल्या हातात आलेल्या पैशांबद्दल नाही, तर आपल्या नावावर असून दुसऱ्याच्या हातात राहिलेल्या पैशांबद्दल.

सुरुवात वादळापासून करतो. ३ जून २०२० चा दिवस आपल्यापैकी कुणीच विसरलेलं नाही. निसर्ग वादळ आलं आणि मुरुडपासून श्रीवर्धनपर्यंत नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, घरांची कौलं आणि पत्रे उडाले. आमच्या एका गटातल्या ताईंचंही छप्पर गेलं. त्या दुसऱ्या दिवशी भिजलेलं सामान उन्हात घालत होत्या. लोखंडी पेटीच्या तळाशी एक प्लॅस्टिकची पिशवी निघाली. आत वारलेल्या नवऱ्याचे कागद होते. ते मुंबईला नोकरीला असताना त्यांनी एका कंपनीचे दोनशे शेअर घेऊन ठेवले होते. घरात कुणाला पत्ता नव्हता.

ते शेअर ताईंच्या नावावर व्हायला खूप दिवस गेले. मृत्यूचा दाखला, वारसाचे कागद, बँकेच्या सह्या. शिवाय एप्रिल २०१९ पासून कागदी शेअर थेट दुसऱ्याच्या नावावर करून विकता येत नाहीत, ते आधी डिमॅट खात्यात आणावे लागतात. तेही झालं. मग कंपनीचा वार्षिक अहवाल लेकीच्या मोबाइलवर आला. लेकीने वाचून दाखवलं : कंपनीला काही कोटींचा नफा झाला. लाभांश मात्र शून्य. मागची तीन वर्षं बघितली, तिथेही नफा होता आणि लाभांश शून्यच.

ताई बैठकीला आल्या आणि म्हणाल्या, "नफा झाला म्हणतात. मला भागधारक म्हणतात. मग माझा भाग कुठाय?"

खरं सांगतो, त्या दिवशी आम्ही सगळ्याच गप्प बसलो. आमच्यातल्या बीए झालेल्यांकडेही उत्तर नव्हतं. मग आम्ही शोधायला लागलो. जे समजलं ते आज तुम्हाला सांगतो.

आधी कंपनी बाजूला ठेवू. आपल्या बंदरावरची होडी बघू. होडी समुद्रातून आली, मासळी विकली. डिझेल, बर्फ, खाणंपिणं यांचा खर्च वजा केला. उरलेल्या पैशांचे वाटे पडतात. खलाशांचा वाटा असतो, तसाच होडीचा आणि जाळ्याचाही वाटा असतो. आता होडी काही पैसे खात नाही. मग तिचा वाटा कशाला? कारण जून-जुलैत मासेमारी बंद असते. होडी किनाऱ्यावर ओढलेली असते, तेव्हा तिची डागडुजी करायची असते, जाळी दुरुस्त करायची असतात. ज्या नाखव्याने होडीचा वाटा वर्षभर घरखर्चात उडवला, त्याची होडी नारळी पुनवेला इतरांबरोबर पाण्यात उतरत नाही.

कंपनीत राखून ठेवलेला नफा म्हणजे हा होडीचा वाटा. इंग्रजीत त्याला रिटेन्ड अर्निंग्ज म्हणतात. हिशेब एका ओळीचा आहे. मागच्या वर्षापर्यंत साठलेला नफा, त्यात या वर्षीचा नफा मिळवायचा, त्यातून भागधारकांना वाटलेला लाभांश वजा करायचा. उरला तो संचित नफा. कंपनी सुरू झाल्यापासून कमावलेलं आणि न वाटलेलं सगळं त्यात असतं. तोटा झाला की तोही त्यातूनच वजा होतो.

हे आपल्याला नवीन नाही. आमच्याच एका गटाचा हिशेब सांगतो. दहा जणी, महिना शंभर रुपये. पाच वर्षांत बचत झाली ६० हजार. ते पैसे महिना शेकडा एक रुपया व्याजाने आपापसांत फिरवले. खर्च वजा जाता व्याजाचे २० हजार साठले. म्हणजे गटाचा एकूण निधी ८० हजार. यातले ६० हजार म्हणजे आपलं भांडवल आणि २० हजार म्हणजे आपला संचित नफा.

आता दिवाळी आली की दर वर्षी तोच वाद. एक म्हणते, वाटून टाका, दोन-दोन हजार प्रत्येकीला येतील, पोरांचे कपडे होतील. दुसरी म्हणते, ठेवा, त्याच २० हजारांवर वर्षाला आणखी २,४०० रुपये व्याज येईल आणि बँकेकडे गेलो तर मोठं कर्ज मिळेल. दुसरीचं म्हणणं खोटं नाही. गटाला किती कर्ज द्यायचं हे ठरवताना बँक गटाचा स्वतःचा निधी बघते. त्यात बचतीबरोबर हे साठलेलं व्याजही धरलं जातं. पण पहिलीचंही खोटं नाही. पैसा तिचा आहे. तिला विचारायचा हक्क आहे की ठेवून घेता ते कशासाठी?

कंपनीतही हाच वाद आहे. फरक एवढाच की आपल्या गटात दहा जणी समोरासमोर बसतात, हात वर करून ठरवतात. कंपनीत ठरवतं ते संचालक मंडळ. किती लाभांश द्यायचा याची शिफारस ते करतं आणि भागधारकांची वार्षिक सभा ती मंजूर करते. सभा शिफारशीपेक्षा कमी करू शकते, जास्त मागू शकत नाही. नफा झाला म्हणून साध्या शेअरवर लाभांश द्यायलाच पाहिजे, असं बंधन कायद्यात नाही. म्हणून ताईंना काही मिळालं नाही, तरी तेवढ्यावरून कंपनीने बेकायदा केलं असं म्हणता येत नव्हतं.

सहकारी संस्थेचं थोडं वेगळं आहे. आपल्यातल्या काही जणी पतसंस्थेच्या सभासद आहेत, त्यांनी ऐकावं. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० चा आहे. त्याप्रमाणे नफ्यातल्या संस्थेला दर वर्षी निव्वळ नफ्याचा किमान चौथा हिस्सा राखीव निधीत टाकावा लागतो, आणि सभासदांना १५ टक्क्यांहून जास्त लाभांश सहसा देता येत नाही. तिथे किती राखायचं याची खालची रेघ कायद्याने ओढली आहे. कंपनीत ती रेघ संचालक ओढतात. म्हणून कंपनीत पैसे घालणाऱ्या बाईने डोळे जास्त उघडे ठेवायला हवेत.

आता कुणी म्हणेल, मग नफा ठेवून घेणं वाईटच की! तसं नाही. त्यासाठी तुम्हाला खानदेशात नेतो.

जळगाव जिल्ह्यात अमळनेर आहे. साने गुरुजी जिथे शिक्षक होते, तेच अमळनेर. तिथे २९ डिसेंबर १९४५ ला मोहम्मद हुसेन हाशम प्रेमजी यांनी एक कंपनी काढली. वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स असं तिचं नाव. भुईमूग पिकवणारा भाग, म्हणून तेलाचा धंदा. वनस्पती तूप आणि कपडे धुण्याचा साबण तिथे बनायचा. गावातल्या लोकांनी तिचे शेअर घेतले. १९६६ मध्ये प्रेमजी वारले आणि त्यांचा २१ वर्षांचा मुलगा अझीम अमेरिकेतलं शिक्षण सोडून परत आला. पुढे ही कंपनी हायड्रॉलिक सिलिंडर बनवायला लागली, मग १९८० च्या दशकात कॉम्प्युटर आणि त्यानंतर सॉफ्टवेअर. नाव लहान होत होत झालं विप्रो. अमळनेरमधल्या कित्येक घरांत हे शेअर आजोबांकडून नातवंडांकडे आले.

तुपाची कंपनी कॉम्प्युटरकडे कशी वळली? धंदा वाढवायला पैसा लागतो. तो कर्जाने आणता येतो, नवे शेअर विकून आणता येतो, नाहीतर झालेल्या नफ्यातला मोठा भाग न वाटता पुन्हा धंद्यात घालता येतो. त्या कंपनीने वर्षानुवर्षं हे तिसरं केलं. आणि जसजसा राखीव निधी मोठा झाला, तसतसे तिने भागधारकांना बोनस शेअर दिले.

बोनस शेअर हा शब्द नीट समजून घेऊ, कारण याच शब्दावर खूप बायका फसतात. बोनस म्हणजे दिवाळीचा बोनस नव्हे. कंपनी राखीव निधीतली रक्कम उचलते आणि भागभांडवलाच्या खात्यात टाकते, आणि तेवढ्या रकमेचे शेअर असलेल्या भागधारकांना फुकट वाटते. एकास एक बोनस असेल तर शंभराचे दोनशे शेअर होतात. पण त्याच हिशेबात बाजारात एका शेअरचा भाव साधारण निम्म्यावर येतो. भाकरीचे दोनाऐवजी चार तुकडे केले म्हणून पीठ वाढत नाही.

आता विप्रोचा हिशेब ऐका. पेन घेऊन लिहून घ्या हवं तर. १९९७ मध्ये एखादीकडे फक्त एक शेअर होता असं धरू. त्या वर्षी एकामागे दोन बोनस मिळाले, झाले तीन. १९९९ मध्ये दहा रुपयांच्या शेअरचे दोन रुपयांचे पाच शेअर केले, झाले पंधरा. २००४ मध्ये पुन्हा एकामागे दोन, झाले पंचेचाळीस. २००५ मध्ये एकास एक, नव्वद. २०१० मध्ये तीनामागे दोन, दीडशे. २०१७ मध्ये एकास एक, तीनशे. २०१९ मध्ये तीनामागे एक, चारशे. २०२४ मध्ये एकास एक, आठशे. एकाचे आठशे.

यातली पाचपट वाढ नुसते तुकडे केल्याची आहे, ती सोडून द्या. तरी बोनसमुळे एकाचे एकशे साठ झाले. पण थांबा. आत्ताच म्हणालो ना, तुकडे केल्याने पीठ वाढत नाही? मग अमळनेरची माणसं श्रीमंत कशाने झाली? प्रत्येक वेळी तुकडे झाल्यावर भाकरी पुन्हा मोठी झाली म्हणून. ठेवून घेतलेल्या नफ्यातून कंपनीने नवं काही उभं केलं, त्यातून आणखी नफा आला, म्हणून भाव पुन्हा वर चढला. बोनस ही त्या कमाईची पावती होती. कमाई आधी झालेली होती.

म्हणून कुणी व्हॉट्सअ‍ॅपवर सांगितलं, "अमुक कंपनी बोनस देणार आहे, आत्ताच घ्या, पैसे दुप्पट," तर त्याला सांगा, आमच्याकडे भाकरीचे तुकडे मोजत नाहीत, पीठ मोजतात. आणि तो सल्ला देणारा सेबीकडे नोंदलेला आहे का, हेही विचारा.

विप्रोची आणखी एक गोष्ट सांगतो, ती कमी लोक सांगतात. २०२३ मध्ये या कंपनीने १२ हजार कोटी रुपये खर्चून आपलेच शेअर भागधारकांकडून परत विकत घेतले, एका शेअरला ४४५ रुपये देऊन. म्हणजे जेव्हा हातातला पैसा धंद्याच्या गरजेपेक्षा जास्त झाला, तेव्हा तो मालकांना परत केला. पैसा ठेवण्याचा एक काळ असतो, परत करण्याचाही असतो. चांगल्या कारभाऱ्याला दोन्ही कळतं.

आता याची दुसरी बाजू. त्यासाठी खानदेशात जायला नको, ती आपल्या घराघरांत आहे. कोकणातली किती माणसं मुंबईच्या कापड गिरण्यांत होती! १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि पुढे गिरण्यांना कुलुपं लागली, हे आपण सगळ्यांनी ऐकलं आहे. पण संप हे एकच कारण नव्हतं. अनेक गिरण्यांमध्ये यंत्रं जुनाट झाली होती. चांगल्या दिवसांत कमावलेला पैसा मालकांनी नव्या यंत्रांत पुरेसा घातला नाही, तो दुसरीकडे वळवला, हे तेव्हाही बोललं जात होतं. होडीचा वाटा होडीला मिळाला नाही. मग एक दिवस होडी बुडाली आणि त्यात सगळ्यात आधी खलाशी गेले. आपली माणसं गेली.

मैत्रिणींनो, म्हणून आमचं सांगणं एवढंच आहे : नफा वाटला की ठेवला यावरून कंपनी चांगली-वाईट ठरत नाही. ठेवलेल्या नफ्याचं काय केलं यावरून ठरते. आपल्याकडे कणगीत बियाणं ठेवतात. बियाण्याचं भात कुणी शिजवून खात नाही. पण पेरायचं नसेल, नुसत्या घुशी खाणार असतील, तर ते बियाणं ठेवून तरी काय उपयोग?

मग हे ओळखायचं कसं? तीन प्रश्न विचारायचे.

पहिला प्रश्न : ठेवलेल्या पैशांवर कमाई किती वाढली? त्याचा सोपा हिशेब आहे. अहवालात एक आकडा असतो, प्रति शेअर मिळकत. एका शेअरच्या वाट्याला किती नफा आला, तो हा आकडा. समजा एका कंपनीची पाच वर्षांची मिळकत आहे ८, ९, १०, ११ आणि १२ रुपये. बेरीज ५०. त्यातले १५ रुपये लाभांश दिला, ३५ ठेवून घेतले. आता पहिल्या वर्षी ८ होते, पाचव्या वर्षी १२ आहेत. म्हणजे ३५ रुपये ठेवून घेऊन वर्षाची कमाई ४ रुपयांनी वाढवली. शंभराला साधारण साडेअकरा रुपये पडले. बरं झालं ठेवले.

दुसरी कंपनी बघू. तिची मिळकत ८ रुपये, ८ रुपये २० पैसे, साडेआठ, ८ रुपये ६० पैसे, ८ रुपये ७० पैसे. बेरीज ४२. लाभांश दिला ७, ठेवून घेतले तेही ३५ च. पण कमाई वाढली फक्त ७० पैशांनी. शंभराला दोन रुपये. एवढं तर बँकेच्या बचत खात्यातही मिळतं! दोन्ही कंपन्या नफ्यात, दोघींनी सारखेच पैसे ठेवले. पण पहिलीने ते पेरले आणि दुसरीच्या कणगीत कुठेतरी भोक आहे.

हा हिशेब ढोबळ आहे. एखादं वर्ष धंद्याला वाईट जातं, एखाद्या कारखान्याला उभं राहायला चार वर्षं लागतात. नारळ लावला की दुसऱ्या वर्षी फळ मागत नाही आपण. म्हणून एका वर्षाकडे बघून ठरवू नका, पाच-सात वर्षं बघा. पण फळ कधी येणार हे विचारायला लाजूही नका.

दुसरा प्रश्न : तो पैसा आज कुठे आहे? इथे सगळ्यांचा गोंधळ होतो, आमचाही झाला होता. आम्हाला वाटायचं, संचित नफा शंभर कोटी म्हणजे तिजोरीत शंभर कोटी रुपये. तसं नसतं. ताळेबंदाला दोन बाजू असतात. पैसा कुठून आला ती एक बाजू, पैसा कुठे गेला ती दुसरी. संचित नफा पहिल्या बाजूला असतो. तो फक्त सांगतो की एवढं कमावून वाटलं नाही. तो आता कुठे आहे हे दुसऱ्या बाजूला बघायचं : यंत्रांत आहे, जमिनीत आहे, गोदामातल्या मालात आहे, बँकेत आहे, की लोकांकडे उधार आहे?

आणि दुसरी बाजूही खरी आहे ना, हेही बघावं लागतं. ७ जानेवारी २००९ ला हैदराबादच्या सत्यम कंपनीच्या अध्यक्षांनी स्वतः पत्र लिहून कबूल केलं की बँकेत असलेले म्हणून दाखवलेले सुमारे पाच हजार कोटी रुपये मुळात नव्हतेच. वर्षानुवर्षं नफा फुगवून लिहिला, तो राखीव निधीत साठला असं दाखवलं, आणि तेवढाच खोटा पैसा बँकेत दाखवला. कागदावर दोन्ही बाजू जुळत होत्या. शिकलेली, मोठमोठी माणसंही त्यात फसली. म्हणून रोख प्रवाहाचं पत्रक बघा. नफा दर वर्षी वाढतोय आणि धंद्यातून रोकड मात्र येत नाही, असं वर्षामागून वर्ष दिसलं, तर सावध व्हा.

तिसरा प्रश्न : त्या पैशांतून कुणाचं भलं झालं? अहवालाच्या मागच्या पानांत टिपा असतात. बारीक अक्षरात असतात, कुणी वाचत नाही. त्यात संबंधितांशी झालेले व्यवहार असतात. कंपनीने संचालकांच्या, त्यांच्या नातेवाइकांच्या, त्यांच्याच दुसऱ्या कंपन्यांना किती कर्ज दिलं, किती मालमत्ता घेतली, ते तिथे लिहावं लागतं.

हे सगळं सापडतं कुठे? शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीचा अहवाल तिच्या वेबसाइटवर आणि शेअर बाजाराच्या वेबसाइटवर फुकट मिळतो. ताळेबंदात इक्विटी या मथळ्याखाली भागभांडवल आणि त्याखाली अदर इक्विटी असं असतं. त्याच्या तपशिलात रिटेन्ड अर्निंग्ज ही ओळ सापडेल. इंग्रजीला घाबरू नका. कॉलेजात जाणारी एखादी पोर शेजारी घ्या, आकडे तुम्ही वाचा. मासळीच्या बाजारात तोंडी हिशेब करणाऱ्या बायका आपण, आकड्यांना कशाला भ्यायचं?

आता आपल्या ताईंकडे परत येऊ. आम्ही चौघीजणी, ताईंची लेक आणि बँकेतून निवृत्त झालेले एक काका, असे बसलो. चार वर्षांचे अहवाल पुढ्यात घेतले. पहिला प्रश्न : प्रति शेअर मिळकत चार वर्षांपूर्वी होती तेवढीच, पै वाढली नव्हती. दुसरा प्रश्न : यंत्रं जुनीच, कारखाना तोच, बँकेत शिल्लक थोडी. तिसऱ्या प्रश्नाला उत्तर सापडलं. ठेवून घेतलेल्या नफ्यातला मोठा भाग संचालकांच्याच दुसऱ्या कंपन्यांना कर्ज म्हणून गेला होता, आणि दर वर्षी ती रक्कम वाढत होती.

लेकीचं म्हणणं होतं, थांबू या, भाव वर येईल. बाबांची आठवण आहे, विकायची कशाला? ताई बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "त्याची आठवण मला कागदावर नको. मासळी नासायच्या आधी विकलेली बरी." त्यांनी शेअर विकले. फार मोठी रक्कम आली नाही. पत्र्यांसाठी घेतलेलं कर्ज त्यातून फिटलं आणि थोडे पैसे लेकीच्या नावाने ठेवीत टाकले. पुढे त्या शेअरचं काय झालं हे त्यांनी बघितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

पण गोष्ट इथे संपली नाही. त्या बैठकीतून उठताना एका म्हाताऱ्या सभासदाने विचारलं, "कंपनीला तीन प्रश्न विचारलेत. आपल्या गटाला कधी विचारलेत काय गो?"

म्हणून पुढच्या बैठकीत तो मघाचा ८० हजारांचा गट स्वतःची वही उघडून बसला. ६० हजार बचत, २० हजार संचित नफा. पैसा कुठून आला ती बाजू चोख होती. पैसा आहे कुठे ती बाजू लिहायला घेतली. बँकेत ९ हजार. वेळेवर हप्ता भरणाऱ्या सभासदांकडे ४८ हजार. आणि वर्षाहून जास्त थकलेलं कर्ज २३ हजार, दोघींकडे. त्यातली एक गटाची पदाधिकारी.

२३ हजार. नीट ऐका. आपण ज्या २० हजारांवरून दर दिवाळीला भांडत होतो, वाटा की ठेवा, ते २० हजार खरं तर कुठेच नव्हते. ती थकबाकी बुडाली, तर सगळा साठलेला नफा जाऊन वर बचतीतले ३ हजारही जाणार होते. आम्ही समन्वयक दर महिन्याला ती वही बघत होतो, बेरजा बरोबर आहेत म्हणून सही करत होतो. दुसरी बाजू आम्हीही कधी विचारली नव्हती. ती चूक आमची होती, आणि ती आम्ही बैठकीत सगळ्यांसमोर मान्य केली.

त्या दिवशी थोडी भांडणं झाली, रडणंही झालं. एकीचं कर्ज नवऱ्याच्या आजारपणात गेलं होतं, दुसरीचं वादळात पडलेल्या बागेत. दोघींनी पैसे उधळलेले नव्हते. दोघींना छोटे हप्ते बांधून दिले. पहिला हप्ता त्याच महिन्यात आला. आणि गटाने नियम केला : वर्षभरात हातात आलेल्या व्याजातलं निम्मं वाटायचं, निम्मं गटात ठेवायचं. ठेवलेल्या निम्म्याचं मागच्या वर्षी काय केलं, हे दिवाळीआधीच्या बैठकीत सगळ्यांसमोर वाचून दाखवायचं. वाचणारी दर वर्षी वेगळी.

तर मैत्रिणींनो, आम्ही तुम्हाला अमुक शेअर घ्या, तमुक विका, असं काही सांगत नाही. शेअरमध्ये पैसे घालायचेच असतील, तर अडीअडचणीला लागणारे पैसे कधी घालू नका. कर्ज काढून तर नाहीच नाही. पण कंपनी असो, पतसंस्था असो की आपला दहा जणींचा गट असो, "नफा झाला" एवढं ऐकून उठू नका. ठेवून घेतला असेल तर चांगलंच आहे. फक्त विचारा : कमाई किती वाढली? पैसा आज कुठे आहे? भलं कुणाचं झालं?

येत्या बैठकीत एक काम करा. गटाची वही उघडा, कोऱ्या पानाच्या मधोमध एक उभी रेघ मारा. डाव्या बाजूला लिहा, पैसा कुठून आला. उजव्या बाजूला लिहा, पैसा कुठे आहे. उजवी बाजू पूर्ण होईपर्यंत चहा ठेवू नका.

भेटूया पुढच्या वेळी. नमस्कार.